राष्ट्रचिन्हात न मावलेले

भारताचे राष्ट्रचिन्ह सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतले आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात घडवलेले, सुमारे सात फूट उंचीचे, आरशासारखे घोटलेले हे वालुकाश्माचे शीर्ष १९०४-०५च्या उत्खननात सापडले आणि २६ जानेवारी १९५० रोजी सरकारी नोकरीत रुजू झाले.

रुजू होताना थोडी काटछाट झाली. मुळात एकमेकांना पाठ लावून बसलेले सिंह चार. चिन्हात दिसतात तीन. चौथा हजर आहे असे धरून चालायचे. हजेरीपटावर असून खुर्चीवर नसण्याला यापेक्षा भारदस्त आधार कोणत्याही कार्यालयाला सापडणार नाही. सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह कोरलेले आहेत, मधून मधून चक्रे. चिन्हात मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. राबणारा आणि धावणारा दर्शनी बाजूला, हत्ती मागे. पोसावे लागणारे हत्ती करदात्याच्या नजरेआड असलेलेच बरे. पट्टीखालचे कमळ तर पूर्णच वगळले. १९५० साली त्यावरून कोणी सभात्याग केला नाही.

'सत्यमेव जयते' हे वाक्य स्तंभावरचे नव्हे. ते मुंडकोपनिषदातून आणून खाली जोडले. त्याच्याशिवाय चिन्ह अपुरे मानले जाते. रबरी शिक्क्यावर मात्र सर्वांत बारीक अक्षर त्याचेच, त्यामुळे शाई जास्त झाली की सत्य आधी बुजते.

चिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५चा कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २००७च्या नियमांनुसार माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार यांनाही ते वापरता येत नाही. सत्तेत असताना काहीही चालून जाते. माजी होणे तेवढे महागात पडते.

शीर्ष आज सारनाथच्या संग्रहालयात आहे. स्तंभाचा मोडका बुंधा उत्खननाच्या जागीच उभा असून त्यावर अशोकाची आज्ञा कोरलेली आहे: भिक्षुसंघात फूट पाडणाऱ्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहायला लावावे. आज फूट पाडणारे पांढऱ्या कपड्यांतच येतात. बाहेरच्या मुक्कामाची सोय रिसॉर्टवर होते आणि परतल्यावर शपथविधी. राष्ट्रचिन्हात ही आज्ञा घेतलेली नाही.