बालाघाट ते नागपूर : खर्चाचा ताळमेळ

बालाघाटहून नागपूरला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी दोन्हीकडच्या खर्चाचा ताळमेळ घातला जातो. सरकारी हिशेब सोपा: केंद्रीय कर्मचाऱ्याला 2024 पासून घरभाडे भत्ता बालाघाटात मूळ वेतनाच्या 10 टक्के, नागपुरात 20 टक्के. घरमालकांनी हे परिपत्रक अर्थातच वाचलेले नसते. घरगुती हिशेबात भाडे, शाळा, पेट्रोल येते; तांदूळ येत नाही, कारण 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर घरून पोत्याने येणार हे गृहीतच असते. पोत्यामागोमाग दवाखाना, परीक्षा, लग्नाचा बस्ता अशा कामांसाठी उतरणारे नातेवाईक मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. हा प्रघात जुना, नागपूर बालाघाटच्या मुलखाची राजधानी होते तेव्हापासूनचा. 1956 मध्ये राजधानी भोपाळला गेली, पाहुण्यांना तेवढे कोणी कळवले नाही.