आधी हात, मंग बासरी

वाशीममध्ये बासरी विकत घेणं अवघड नाही. अवघड आहे ते मोजणीभाऊंना कळू न देता घेणं. सणावाराला पाटणी चौकात खांद्यावर बासऱ्यांचा झाडोरा घेऊन एखादा विक्रेता येतो. पण तुमचा त्याच्याशी भाव ठरेपर्यंत भाऊ मागे येऊन उभे असतात आणि खिशातला टेप बाहेर निघालेला असतो.

मोजणीभाऊ हे नाव अर्थातच घरच्यांनी ठेवलेलं नाही. उभी हयात जमीन मोजण्यात गेली, तेव्हा गावानं ते बहाल केलं. सेवेत असताना त्यांनी धुऱ्यावरची भांडणं मिटवली, काही नवीन लावूनही दिली. निवृत्तीनंतर शेतं हातची गेली, पण मोजण्याची खोड गेली नाही. लग्नाच्या पंगतीत ते दोन पानांमधलं अंतर नजरेनं मोजतात. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला की पट्टा दंडाला नीट बसला होता का, हे विचारतात. असा माणूस बासरीपर्यंत कसा पोचला, हे कुणालाच ठाऊक नाही. माझा अंदाज असा की सरळ रेषेत ठराविक अंतरावर खुणा असलेली वस्तू दिसली आणि त्यांचा जीव तिच्यात अडकला.

ते स्वतः बासरी वाजवत नाहीत. एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "माप घेनारा शेत नांगरत नाई."

आमच्या शेजारच्या मुलीला संगीताच्या बाईंनी बासरी आणायला सांगितली. मुलगी नऊ-दहा वर्षांची. वडील तिला घेऊन भाऊंच्या ओसरीवर गेले, कारण न विचारता घेतली असती तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. मी सोबतीला होतो.

"भाऊ, पोरीले बासरी घ्याची हाय."

"कोन्ती?"

"कोन्ती म्हंजे? बासरी."

भाऊंनी कीव आल्यासारखं पाहिलं. "चप्पल घेतांनी पाय पाहतेत, टोपी घेतांनी डोकं पाहतेत, अन् बासरी घेतांनी हात कोनीच पाहत नाई. इकडं ये वं माय. आधी हात, मंग बासरी."

मग आलेखाच्या कागदावर पोरीचा पंजा ठेवून पेन्सिलीनं कड आखली गेली. तर्जनीपासून अनामिकेपर्यंतचा पसारा, दोन्ही हातांचा वेगवेगळा. पेरं, बोटांच्या टोकांची रुंदी. थोड्या वेळात हाताचा सातबारा तयार झाला आणि 'इतर अधिकार' या रकान्यात शेरा पडला : करंगळी आखूड.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, यापुढे भाऊ जे बोलले ते शंभर टक्के खरं होतं. मैफलीत जी मोठी बासरी दिसते ती बहुधा पांढरी तीनची, म्हणजे वरची तीन भोकं झाकली की तिचा षड्ज पेटीच्या पांढरी तीनला लागतो. लांबी साधारण अडीच फूट. तिची भोकं इतकी लांब लांब असतात की मोठी माणसंही ती बोटांच्या टोकांनी न झाकता मधल्या पेरांनी झाकतात. ही लांब बासरी मैफलीत आणली पन्नालाल घोष यांनी (1911–1960). तीव्र मध्यमासाठी सातवं भोकही त्यांचंच. "अन् पन्नालालबाबू कोन होते?" भाऊंनी बोट वर केलं. "मुष्टियुद्ध खेळनारा मानूस! हरिप्रसाद चौरसिया कोनाचे पोरगे? पैलवानाचे! पंजेवाल्यायनं आपल्या पंज्याले बासरी केली, अन् सारं गाव तेच मागते."

"मंग भोकं जवळ जवळ पाडायची," वडील म्हणाले. शेतकरी माणूस, सरळ उपाय सुचवला.

भाऊंना हाच प्रश्न हवा होता. भोक फुंकेच्या जवळ सरकवलं की सूर चढतो. चढलेला सूर उतरवायचा तर भोक बारीक करावं लागतं आणि भोक बारीक केलं की आवाज दबतो. "दोन भोकाच्या मधातला धुरा आपल्या मर्जीनं कोरता येत नाई. तिथं हवेची मोजनी असते. तिच्यावर अपील नाई."

आणि इथेच, एरवी माणूस जिथे थांबला असता तिथे, भाऊ चढले. त्यांनी मोबाइल काढला आणि काळ्याभोर लाकडाची, चांदीसारख्या चाव्या लावलेली विलायती बासरी दाखवली. मुलगी हरखली. वडिलांनी किंमत विचारली आणि आकडा ऐकून मनातल्या मनात सोयाबीनचे क्विंटल मोजायला घेतले. मोजणी फार वेळ चालली असावी, कारण त्यांचे डोळे बराच वेळ छताकडेच होते.

त्या चाव्यांची गोष्ट भाऊ इतकी रंगवून सांगतात की ऐकणारा आपण कशासाठी आलो ते विसरतो. म्युनिकचा थेओबाल्ड बोम हा पेशानं सोनार आणि छंदानं, पुढे नोकरीनंही, बासरीवाला. 1831 साली तो लंडनला गेला आणि तिथे त्यानं चार्ल्स निकल्सनला ऐकलं. निकल्सनचे पंजे दांडगे, बासरीची भोकं मोठाली आणि आवाज असा की आपला आवाज बोमला पिचका वाटू लागला. तसली भोकं झाकणं त्याच्या बोटांना जमणारं नव्हतं. दुसरा कुणी असता तर घरी येऊन रियाज वाढवला असता. हा सोनार. त्यानं 1832 मध्ये बासरीच नव्यानं घडवली : भोक हवेला पाहिजे तिथे पाडायचं, चावी बोटाला पाहिजे तिथे ठेवायची आणि दोहोंच्या मध्ये दांड्या जोडायच्या. 1847 मध्ये त्यानं नळीही शंकूची सोडून सरळ केली. "कान टोचाचे त सोनारानंच, अन् भोकं पाडाची तेबी सोनारानंच," भाऊ म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की कागदावरचा पंजा हलला. तो पुन्हा आखावा लागला.

बोमच्या आधीच्या लाकडी बासऱ्यांतही भाऊंचा जीव आहे. त्या खाली निमुळत्या होत जातात, आणि त्या निमुळतेपणानं भोकं थोडी जवळ येतात. आयर्लंडचे वादक अजून तशीच वाजवतात. सहाही भोकं झाकली की खाली जो सूर निघतो तो हिशेबानं आपल्या पांढरी पाचच्या बासरीचाच. म्हणजे लहान हाताला पांढरी पाच हवी असेल तर निमुळतं लाकूड बरं, हे भाऊंचं म्हणणं कागदावर बिनतोड आहे.

कागदावर. वाशीमच्या मे महिन्यात दार आकसतं, पाटाच्या फळीला भेग पडते. तिथे ते लाकूड दर आठवड्याला तेल मागणार, आणि दिलं तरी तडकायचं ते तडकणारच. बांबूलाही तेल लागतं, त्यालाही तडा जाऊ नये म्हणून दोरा गुंडाळतात, पण तडकलाच तर दुसरा आणता येतो. शिवाय चावीखाली झाकलेल्या भोकावरून मींड कशी काढणार? आपल्याकडे बोट भोकावरून हळूच सरकतं, उघडतं, आणि एका सुरातून दुसरा उमलतो. चावी एकतर उघडी नाहीतर बंद. तिथे बोटाचं मांस आणि हवा यांची गाठ सहसा पडत नाही. बोमनं सोय केली ती त्याच्या संगीताची. त्यानं आपला यमन ऐकला नव्हता.

हे मी बोललो. भाऊ गप्प झाले नाहीत, ते कधीच होत नाहीत. पण विषय बांबूवर नेला. आपला मानवेल जवळजवळ भरीव, लाठीला उत्तम, बासरीला निरुपयोगी. बासरीचा बांबू पातळ सालीचा, लांब पेराचा, आणि तो आसामकडून येतो. "वाशीमात साऱ्या जिनसा पिकतेत, बासरी नाई पिकत." यावर मला वाशीमची बाजू घ्यावीच लागली. हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. संस्कृत कवी राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं लग्न लावलं तेही इथेच. आणि इथल्या हरिषेण राजाच्या काळातलं, पाचव्या शतकातलं मानलं जातं ते अजिंठ्याचं पहिलं लेणं. तिथे महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीजवळ आडव्या बासऱ्या वाजवणाऱ्या बाया आहेत. बायाच. नाजूक बोटांच्या. चाव्या नाहीत, सोनार नाही.

"मले मालूम हाय," भाऊ शांतपणे म्हणाले. "मी टेप घेऊन गेलो होतो. रखवालदारानं काढू नाई देल्ला."

मग निर्णयाची वेळ आली. सातबारा पाहून भाऊंनी निकाल तयार केला : निमुळती, लाकडी, चाव्यांची, मागवून घ्या. त्यांनी शेवटचं म्हणून पोरीच्या हातात फूटपट्टी दिली आणि बासरी धरल्यासारखी धर म्हणाले. तिनं पट्टी डाव्या अंगाला धरली.

पोरगी डावखुरी होती.

ओसरीवर अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. चाव्यांची बासरी उजव्या अंगाला धरायचीच बनते. डावखुरी मिळते, पण खास घडवून घ्यावी लागते. बांबूला डावं-उजवं नसतं, भोकं एका रेषेत, हव्या त्या बाजूला धरा. एवढं सगळं मोजलं, पण पोरगी कोणत्या हाताची हे विचारायचं राहिलं! भाऊंनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "फेरमोजनी करा लागन."

फेरमोजणीचा दिवस ठरायच्या आत वडिलांनी अकोल्याहून पांढरी एकची बांबूची बासरी आणली. दीड फुटाची, दोऱ्याची, सहा भोकांची. मुलीची बोटं तिच्यावर बसली. आता ती संध्याकाळी वाजवते, खालचा पंचम अजून फसफसतो, आणि भाऊ कुंपणापाशी थांबून ऐकतात. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तिसऱ्या अन् चौथ्या भोकात किती अंतर हाय?"

लहान हाताच्या मुलासाठी बासरी घ्यायची असेल तर पांढरी एकपासून सुरुवात करा, हात वाढला की पांढरी पाचला या, आणि मोठ्या बासरीची घाई करू नका. शेवटचं भोक बोटाच्या बाजूला जरासं कलतं पाडून मागा, चांगले कारागीर देतात. चाव्यांच्या वाटेला जायचं ते बँडमध्ये किंवा पाश्चात्त्य संगीतात जायचं असेल तरच. आणि भाऊंना भेटायला जरूर जा, त्यांच्याइतकं बासरीचं शास्त्र या जिल्ह्यात दुसरा कुणी सांगणार नाही. फक्त बासरी आधी घेऊन ठेवा आणि मग जा.