वाघ दिसला का?

तेक्कडीहून परतलो त्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन. पहिला प्रश्न, "वाघ दिसला का?" नाही म्हटलं. "मग पैसे पाण्यात!" आठवडा झाला, या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

केरळातला पेरियार व्याघ्र प्रकल्प 925 चौरस किलोमीटरचा. मधोमध 1895 साली पुऱ्या झालेल्या मुल्लपेरियार धरणाचं पाणी. तेव्हा बुडालेल्या झाडांचे काळे खुंट त्यात अजून उभे आहेत, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. बोटीची रांग सोडून आम्ही पायी निघालो. जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत जाड कापडी मोजे, त्यांवर भुरभुरलेली तपकीर, आणि पुढे वाटाड्या.

इथल्या वाटाड्यांच्या एका गटाची हकिगत मराठी माणसाने मुद्दाम ऐकावी. ही मंडळी एकेकाळी याच जंगलात चोरून शिरायची. ‘वयना’ म्हणजे रानदालचिनी, तिची साल सोलून विकायची. चहूबाजूंनी साल काढली की झाड उभ्या उभ्या वाळतं. नव्वदच्या दशकात वनखात्याने त्यांना पकडत बसण्याऐवजी त्यांचीच समिती केली आणि पाहुण्यांना फिरवण्याचं, गस्तीचं काम त्यांच्या हाती दिलं. चोरवाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक होत्या? आणि 2002 पासून ‘वसंत सेना’ नावाने आसपासच्या वस्त्यांतल्या बायका पाळीपाळीने चंदन राखायला रानात जातात, मजुरी न घेता. माझ्या लेखी पेरियारमध्ये पाहण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हे.

आमच्या वाटाड्याने एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. मसाल्याचा डबा उघडावा तसा वास! हत्तीच्या लिदीजवळ पालथा हात नेऊन म्हणाला, आज सकाळची. पुढे खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले. मग एकदम तळवा वर करून त्याने सगळ्यांना थांबवलं. पंधरा मिनिटं आम्ही जागचे हललो नाही. पलीकडे बांबू कडाकडा मोडत होते. हत्ती दिसला नाहीच. आवाज लांब गेल्यावर त्याने आम्हाला वेगळ्या वाटेने काढलं. तिथे त्याने हत्ती दाखवायचं मनात आणलं असतं तर आमच्यातलं कोणी परत आलं असतं का, कोण जाणे.

त्या सकाळचे आमचे पैसे काही वाघावर ठरलेले नव्हते. आपल्याकडे मात्र जिप्सीत बसलेला पाहुणा वाघ दिसला की खिशातून पाचशेची नोट काढतो, नाही दिसला की "बघू पुढच्या वेळी". पहाटे चारला उठून आलेला गाइड दोन्ही दिवशी तेवढाच राबलेला असतो. मग तो वाघामागे गाडी दामटायला लावणार नाही तर काय करील? 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या मधे कोंडले गेले. चालक-गाइडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ठीकच झालं. पण त्या गाड्यांना घाई कोणासाठी होती, हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवं. वाघिणीला पिलं घेऊन रस्ता ओलांडता येऊ नये, इतकं आपलं तिकीट महाग नाही.

मेहुणा मार्चमध्ये पेंचला निघालाय. गाइडला वर काय द्यायचं ते सकाळी गेटवरच, गाडी आत शिरण्याआधी देईन, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.