भाड्याने राहण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम

ग्राहक हा राजा असतो, अशी पाटी दुकानात असते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर ‘पार्किंग फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी असते. पुण्यात किंवा मुंबईत पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने घेणाऱ्याने या दोन पाट्यांमधलं अंतर आधी मोजून घ्यावं. भाडं तुम्ही द्यायचं, एका महिन्याची दलाली तुम्ही द्यायची, डिपॉझिट तुम्ही ठेवायचं आणि एवढं सगळं दिल्यावर सगळ्यांची मर्जीही तुम्हीच राखायची. भाड्याच्या घरात ग्राहकसेवा ग्राहकाने करायची असते. हे एकदा अंगवळणी पडलं की पुढचा अभ्यासक्रम फार अवघड नाही.

पायरी पहिली: मुलाखत

घर बघायला आपण जातो, हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा गैरसमज. एजंट तुम्हाला घर दाखवत नाही, घरमालकांना भाडेकरू दाखवतो. घर तुम्हाला दोन मिनिटांत दिसतं. ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणजे तीन पंखे, चार ट्यूबलाइट आणि एक कुलूपबंद कपाट, ज्यात मालकांचं सामान असतं आणि ते ‘लवकरच’ हलवणार असतात. मग तुमची पाळी. आडनाव काय? मूळ गाव कुठलं? घरी कोण कोण? नोकरी कायम आहे ना? नॉनव्हेज घरात करता की बाहेरच? उत्तरं छोटी द्यावीत, पण गावाच्या प्रश्नावर सविस्तर बोलावं. तुमचं गाव आणि मालकीणबाईंचं माहेर एकाच तालुक्यात निघालं, तर भाडं कमी होत नाही, पण चहा मिळतो.

लग्न झालेलं नसेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही. ‘आमचं काही नाही हो, सोसायटीला चालत नाही,’ असं मालक सांगतील. सोसायटीला विचारलंत तर, ‘आमचं काही नाही, मालकांनाच नको असतं,’ असं ऐकू येईल. दोघांपैकी कोणाशीही वाद घालू नये. पुढचं घर बघावं.

पायरी दुसरी: करार

करार अकरा महिन्यांचाच का, हे विचारलंत तर एजंट ‘तसंच असतं’ म्हणेल. त्याला माहीत नसलं तरी तुम्हाला माहीत असू द्या. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षभराहून कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवण्याची सक्ती नव्हती, म्हणून एक महिना कापण्याची पद्धत पडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, असं ठरवलं. कारण गेलं, पण कापलेला महिना काही परत जोडला नाही.

मालकांच्या चेहऱ्यावरच्या भीतीला मात्र इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी चालू परवान्यावर जे राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ‘थोड्या दिवसांसाठी’ म्हणून आलेली माणसं कायमची राहिली. ही कथा घरमालकांच्या घराण्यांतून अजून सांगितली जाते. म्हणून तुमच्या कागदाच्या डोक्यावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ असं असतं आणि कायद्याच्या लेखी तुम्ही परवानगीने राहणारे पाहुणे असता. पाहुण्यांकडून भाडं घेतात, एवढाच फरक.

नोंदणीचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, अंगठे घेतो, फोटो काढतो. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव व्याज यांच्या पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट सांगतो तो आकडा याहून बराच जाड असतो. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढंच नाही, कागद नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे वाक्य पाठ करावं आणि चहा पिताना अजिबात म्हणू नये.

पायरी तिसरी: सेक्रेटरी

सेक्रेटरीसाहेबांना भेटायला जाताना आधार, कंपनीचं ओळखपत्र, पोलीस व्हेरिफिकेशनची पावती, फोटो आणि नम्रता अशा पाचही गोष्टींच्या दोन-दोन प्रती न्याव्यात. आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला संस्थेची आगाऊ परवानगी लागत नाही, संस्थेला कळवलं की पुरतं. हे तुम्हाला माहीत आहे, असं सेक्रेटरींना कळता कामा नये. त्यांना ‘एनओसी’ देण्यात आनंद असतो. तो हिरावून घेतलात तर सामान चढवायच्या दिवशी लिफ्ट बंद असेल.

मालक स्वतः राहत नसल्याबद्दल संस्था त्यांच्याकडून ना-वापर शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही. भरतात मालक, निघतं तुमच्या भाड्यातून. फार तर तुम्हाला नाममात्र सभासद करून घेतात. नाममात्र सभासदाला मत नसतं. त्यामुळे ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत पाण्याच्या टँकरवर दोन तास चर्चा होईल आणि टँकरचं पाणी पिणारे तुम्ही घरी बसाल. सभेतले आवाज वर ऐकू येतात, ती सोय आहे.

पायरी चौथी: गिझर

गिझर बिघडतोच. पहिल्या थंडीत बिघडतो. मालक पुण्यात असतील तर ‘बघतो’ म्हणतात, न्यू जर्सीत असतील तर दोन निळ्या टिका येतात आणि रात्री अडीच वाजता उत्तर येतं: ‘आधीच्या भाडेकरूंना कधी त्रास झाला नाही.’ हे आधीचे भाडेकरू म्हणजे एक संतमंडळी. त्यांच्या काळात नळ गळत नसे, भिंतीला ओल येत नसे, ते भाडं एक तारखेच्या आधी देत आणि दर अकरा महिन्यांनी स्वतःहून वाढवून देत. ते घर सोडून का गेले, हे मात्र कोणी सांगत नाही.

अशा वेळी चिडू नये. इलेक्ट्रिशियन आपणच बोलवावा, बिलाचा फोटो मालकांना पाठवावा, ‘पुढच्या भाड्यातून वळते करू का?’ असं विचारावं आणि हा सगळा संवाद फोनवर नव्हे, लेखी करावा. खिळा ठोकण्यापूर्वीही विचारावं. घरमालक गिझरपेक्षा खिळ्याला जास्त जपतात.

पायरी पाचवी: समाजबांधणी

सुरुवात वॉचमनकाकांपासून करावी. कुरिअर कुठे ठेवायचं, पाणी किती वाजता सोडतात, कोणाच्या जागेवर गाडी लावली तर हवा सोडली जाते, हे सारं ज्ञान त्यांच्याकडे असतं. दिवाळीचं पाकीट देताना हात आखडता घेऊ नये. पुढे समोरच्या काकू. त्या पहिल्या आठवड्यात विरजण मागायला येतील. विरजण त्यांच्याकडे असतं, त्यांना घर बघायचं असतं. घर दाखवावं, विरजणही द्यावं.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘फ्लॅट नंबर’ हेच तुमचं नाव. तीनशे दोनच्या बाल्कनीतून पाणी पडतंय, असा संदेश आला की तीनशे दोनने हात जोडल्याचं चिन्ह टाकावं, पाणी कोणाच्याही बाल्कनीतून पडत असो.

खरी परीक्षा गणपतीत. वर्गणी सभासद आणि भाडेकरू यांच्याकडून समान दराने घेतात, या एका बाबतीत पूर्ण लोकशाही आहे. खुर्च्या मांडायला, सतरंज्या उचलायला हजर राहिलात की तिसऱ्या दिवशी आरतीचं ताट हातात येतं. पाचव्या दिवशी सेक्रेटरी तुम्हाला नावाने हाक मारतात. टिंगल बाजूला ठेवून सांगायचं तर, गिझर दुरुस्तीला चांगला माणूस मला मांडवाखालीच मिळाला. मालकांकडून नव्हे.

शेवटची पायरी: डिपॉझिट

मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे तुम्हाला दुप्पट शुल्क भरावं लागू शकतं. मालकांनी डिपॉझिट परत द्यायला उशीर केला तर दुप्पट, असं त्या कलमात काही नाही. रंगाचे पैसे कापले जातील, भिंत तुम्ही आलात तेव्हाही पोपडे धरलेली असली तरी. म्हणून आलात त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळांचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. रंगाची रक्कम करारातच लिहून घ्या. आणि जाताना किल्ली आणि डिपॉझिटची देवघेव एकाच वेळी करा. ‘दोन दिवसांत ट्रान्सफर करतो’ म्हणाले, तर दोन दिवसांनी किल्ली द्या.