रॉकोबाचा श्रावण

गोठवलेला उंदीर कोमट व्हायला साधारण अर्धा तास लागतो. पिशवीत घालून गरम पाण्यात सोडायचा, पाणी एकदा बदलायचं आणि मधेमधे बोटाने दाबून आत अजून दगड आहे का ते बघायचं. मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, फुटतो. पन्नाशी उलटल्यावर हे ज्ञान मिळवायची मला काही हौस नव्हती. पण भाच्याला कंपनीने ट्रेनिंगला बंगळुरूला पाठवलं आणि जाताना तो लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत एक काचेची पेटी ठेवून गेला. पेटीत दीड-दोन फुटांचा, वर्षही न भरलेला बॉल पायथन. नाव रॉकी.

"मामा, तुला काय शिकवायचं? तुमच्या तर रक्तातच आहे," जाताना तो म्हणाला. कार्टं हुशार आहे. कुठे बोट ठेवलं की मामा विरघळतो हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

रक्ताची भानगड अशी, की माझे आजोबा परळच्या हाफकिनमध्ये सापांत वावरले, असं आमच्या घरात सांगतात. वावरले हे खरं, पण हिशेबखात्यात. सर्पदंशाची लस घोड्यांच्या रक्तापासून करतात. त्या घोड्यांच्या हरभऱ्याची बिलं आजोबा तपासायचे. शाळेत असताना मी त्यांना थेट नागाच्या दातांतून विष काढायला बसवलं, कॉलेजात दोन घोणशी वाढवल्या आणि लग्न ठरताना तर सासरेबुवांसमोर फुरसंही सोडलं. ज्यांच्या नावाने ती संस्था आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. पुढे १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या लाटसाहेबाच्या बंगल्यात आली. त्या बंगल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचा हा मानसपणतू भांडी घासायचे रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवून पेटीचं झाकण सरकवायला धीर गोळा करत होता.

चाळीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या अण्णांनी "हे कायद्यात बसतं का?" असं विचारलं. बसतं. नाग, धामण, दिवड, आपल्या मातीतला कुठलाही साप घरात ठेवला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. रॉकीचं मूळ मात्र पश्चिम आफ्रिकेत, आणि अशा परदेशी प्राण्यांसाठी २०२४ साली नियम आले. 'परिवेश' पोर्टलवर त्यांची रीतसर नोंदणी करावी लागते. भाच्याने ती केली होती आणि प्रिंटही ठेवून गेला होता. पागडी, पोटभाडेकरू आणि मयताच्या नावावर चाललेली वीजबिलं यांच्या आमच्या चाळीत सगळ्यात स्वच्छ कागदपत्रं त्या अजगराची निघाली. अण्णांनी प्रिंट दोनदा वाचला आणि पुन्हा हा विषय काढला नाही.

खरी परीक्षा फ्रीजरपासून सुरू झाली. उंदरांची पिशवी मी बांगड्यांच्या खाली दडवली होती. आईने ती शोधून काढली, उजेडात धरली.

"ह्यां काय?"

"रॉकीचं जेवण."

"मगे बांगड्याखाली कित्याक? वायलो डबो घे."

मालवणात वाढलेल्या बाईला साप नवा नाही आणि उंदीर तर नाहीच नाही. तिने स्वतःच श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन दिला.

पहिलं जेवण गटारीला द्यायचं ठरलं. चाळीत मटणाचा वास, आमच्याकडेही पातेलं चढलेलं, तेव्हा म्हटलं पाहुण्याचंही होऊन जाऊ दे. मापाचा नियम सोपा आहे: सापाचं अंग जिथे सगळ्यात जाड, तेवढाच जाड उंदीर. उंदीर कोमट केला, लांब चिमट्यात धरला, दिवा मालवला. पण एक गोष्ट भाच्याने सांगितली होती ती मी ऐकून सोडून दिली होती. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात आणि त्यांतून त्याला उष्णता कळते. अंधारात तो रूप बघत नाही, ऊब बघतो. आणि उंदीर काढायला मी हातमोज्यासकट हात गरम पाण्यात घातला होता. तेव्हा पेटीतली सगळ्यात चविष्ट वस्तू चिमट्याच्या टोकाला नव्हती, मागच्या बाजूला होती.

मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे गेली एवढं मला दिसलं. त्यापुढचं मी ऐकलं, म्हणजे स्वतःची किंकाळी. रॉकीने हातमोज्याचं बोट पकडलं होतं. त्याला विष नाही, दात सुईच्या टोकाएवढे, रबराच्या आत ते पोचलेही नव्हते. पण हे सगळं शांतपणे बसून विचार केल्यावर कळतं. माझ्या हातून चिमटा सुटला, उंदीर उडाला तो भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीच्या पायाशी आपटून खाली पडला. तसं पाहिलं तर योग्य जागी. रॉकीने दोन क्षणांत आपली चूक ओळखून बोट सोडलं आणि आपल्या मडक्यात जाऊन बसला. आईने उंदीर शेपटीने उचलून पेटीत ठेवला, वर टॉवेल टाकला आणि मला पानावर बसवलं. हात धुऊन परत गेलो तेव्हा पेटीत उंदीर नव्हता. मला मटण गेलं नाही.

जेवणानंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नसतो, नाहीतर खाल्लेलं बाहेर काढतो. दोन दिवस मी हा नियम अत्यंत कडकपणे पाळला. पुढचे आठ-दहा दिवसही खबरदारी म्हणून पाळला.

एव्हाना श्रावण लागला होता. आईचं म्हणणं, श्रावणात घरात मांस शिजत नाही तर उंदीर तरी कशाला. मी वाद घालायच्या तयारीत होतो, तोवर रॉकीनेच खाणं बंद केलं. कोमट उंदीर नाकासमोर नाचवला तरी ढिम्म. आठवड्याने पुन्हा, तेच. मी भाच्याला रात्री-अपरात्री फोन करू लागलो. मग एका प्राण्यांच्या डॉक्टरांना फोटो पाठवले. त्यांनी विचारलं, "वजन घटलंय का?" स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी त्याला डब्यासकट मोजलं. काही ग्रॅमचाही फरक नव्हता. "मग त्याला काही झालेलं नाही. बॉल पायथन उपास करतात. तुम्ही जेवता ना वेळेवर?" म्हणाले.

आईला मात्र नवल वाटलं नाही. श्रावण पाळणारा साप म्हणजे काय तो देवच. रॉकीचा त्या दिवसापासून रॉकोबा झाला.

आमच्या शेजारच्या काकू सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या. त्यांच्या माहेरी नागपंचमीला जिवंत नाग मिरवायची चाल होती, ती कोर्टाच्या आदेशांनंतर थांबली. इतक्या वर्षांचा अनुशेष त्यांनी आमच्याकडे भरून काढला. काचेला हळदकुंकू, पेटीपुढे लाह्या, वाटीत दूध. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही, हे मी सांगून पाहिलं. "तुमच्या हातून उंदीर तरी कुठे खातो?" काकूंनी विचारलं. मी गप्प झालो. तिकडे आफ्रिकेत, बेनिन देशातल्या उईदा गावी, याच जातीच्या अजगरांचं देऊळ आहे. अजगर बाहेर पडून कुणाच्या घरात शिरला तर लोक त्याला आदराने उचलून परत नेऊन ठेवतात. रॉकोबाला लालबाग फार परकं वाटत नसणार. हवेचंही तेच. थंड देशांतले लोक या जातीसाठी पेटीला हीटर लावतात, फवारे मारतात. आपण जन्मभर जिला शिव्या घालतो ती चिकट, दमट हवा त्याला फुकटात मिळते.

भाच्याचा हुकूम होता, की हाताची सवय मोडू देऊ नकोस. वरून हात घालायचा नाही, घार वरूनच झडप घालते. बाजूने, पोटाखालून अलगद उचलायचं. एका रविवारी घरात कोणी नसताना मी ते केलं. तो घाबरून गोळा झाला, डोकं मधोमध लपवलेलं. मला एकदम बरं वाटलं. आपल्याला घाबरणारं घरात कोणीतरी निघालं. त्या आनंदात मी त्याला तळहातावर घेऊन बसलो. गोळा सावकाश सुटला, मनगटावरून वर सरकला आणि झब्ब्याच्या बाहीत शिरला. काखेत ऊब जास्त असते. तिथे पोचून तो स्वस्थ झाला.

साप ओढून काढायचा नसतो, शेपटीकडून सोडवायचा असतो. पण शेपटी माझ्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकलेली. हात खाली करावा तर तो चेंगरेल, म्हणून मी एक हात आकाशाकडे करून उभा राहिलो आणि तेवढ्यात दार वाजलं. दार उघडंच होतं. मंडळाची पोरं, पावतीपुस्तक घेऊन. बाहीतून वीतभर शेपूट लोंबत होतं.

"काका, हलू नका," त्यांच्यातला एक म्हणाला. मला वाटलं मदतीला येतोय. त्याने फोन काढला. "यंदा देखावा शंकराचाच आहे. तुम्ही संध्याकाळचे दोन तास असे उभे राहाल का?"

मी वनखात्याचं नाव घेतलं, नोंदणीचा प्रिंट दाखवायला गेलो, पण एक हात वर असताना माणसाचं कोणी गंभीरपणे ऐकत नाही. शेवटी आई बाजारातून आली. तिने पिशवी खाली ठेवली, घड्याळाचा पट्टा सोडला, शेपटी उलगडली आणि रॉकोबाला गजऱ्यासारखं हातावर घेतलं. तिच्या हातात तो गोळा झाला नाही. "ह्येचे डोळे बघ," ती म्हणाली. "धुरकाटलेत. कात टाकतलो. म्हणान खाईना." पोरांनी वर्गणी दुप्पट घेतली आणि दुसरी पावती रॉकोबाच्या नावाने फाडली.

कात टाकल्यावर तो खाऊ लागला. आईच्या हातून. चिमटा धरायला तिला दिवाही मालवावा लागत नाही.

गणपतीत भाचा आला. त्याने रॉकोबाला उचललं, उलटसुलट पाहिलं. "मस्त माणसाळलाय मामा! रोज घेत होतास वाटतं हातात?"

मी आईकडे बघितलं. ती मोदकाची पारी वळत होती. "घेय होतो तर," ती म्हणाली. "चाळीतल्या पोरांकडे फोटो हा."