ड्यूकच्या प्रेमात पडण्यापूर्वी

काळ 1811 ते 1820 असावा, शहर लंडन असावे, नायक ड्यूक असावा, नायिकेच्या पदरी तीन धाकट्या बहिणी असाव्यात आणि हुंड्याच्या नावाने शिमगा असावा. शिवाय या मंडळींपैकी निदान एकाला जादू येत असावी. एवढी सामग्री जमली की रीजन्सी काळातली अद्भुत प्रेमकादंबरी तयार होते. लिहिणारे ती भराभर लिहितात. वाचणाऱ्याला मात्र पूर्वतयारी लागते. तयारीविना शिरलेला वाचक पहिल्या पन्नास पानांतच आपटतो, कारण तो भलत्याच गोष्टींवर शंका घेतो. परी दिसली की नाक मुरडतो आणि ड्यूक दिसला की मान डोलावतो. वास्तविक हे नेमके उलट करावयाचे असते.

आधी काळाविषयी. तिसऱ्या जॉर्ज राजाचे मन ताळ्यावर राहीना, म्हणून थोरल्या चिरंजीवांनी ‘प्रिन्स रीजंट’ या नावाने कारभार हाती घेतला. तो काळ रीजन्सी. याच वर्षांत इकडे पेशवाई बुडाली. तिकडच्या कादंबरीत त्याचा मागमूस नायिकेच्या खांद्यावरच्या काश्मिरी शालीपलीकडे सहसा लागत नाही. मराठी वाचकाने याचा राग मानू नये. निदान पहिल्या वाचनात तरी मानू नये.

आता ड्यूक. कादंबरीतल्या कोणत्याही नाचाच्या दिवाणखान्यात किमान चार ड्यूक आढळतात. चौघेही तिशीच्या आतले, अविवाहित, रुंद खांद्यांचे, आणि कोणत्या तरी जुन्या दुःखाने मनातून पोळलेले. प्रत्यक्षात राजघराणे वगळता अख्ख्या देशात मिळून दोन-तीन डझन ड्यूक होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना बायको, नातवंडे किंवा पायाच्या अंगठ्यातली सणक यांपैकी काही ना काही होतेच. जेन ऑस्टिन त्या काळात जगली, पण तिने एकाही ड्यूकला नायक केले नाही. तिच्या डार्सीकडे वर्षाला दहा हजार पौंड आहेत, पदवी मात्र ‘सर’ एवढीही नाही. तेव्हा ड्यूक पानावर आला की वाचकाने हात जोडून म्हणावे, ‘ही अद्भुतकथा आहे,’ आणि पुढे चालू लागावे. ड्यूक पचला की परी आपोआप पचते.

याउलट जिथे लेखिकेने कल्पनेची कमाल केली असे वाटते, तिथे बहुधा तिने इतिहासातून सरळ उतरवून घेतलेले असते. जेवणाच्या लांबलचक टेबलाच्या मधोमध पाण्याचा ओढा वाहतो आहे आणि त्यात जिवंत मासे पोहत आहेत, असे वर्णन आले तर तो परीराज्यातला प्रसंग समजू नये. जून 1811 मध्ये प्रिन्स रीजंटने कार्लटन हाउसमध्ये दिलेल्या मेजवानीत पाहुण्यांसमोर तसाच ओढा होता. समुद्रकिनारी बाहेरून हिंदुस्थानी घुमटांचा आणि आतून चिनी ड्रॅगनांचा राजवाडा दिसला तर तोही कुणा चेटक्याचा नव्हे. तो ब्रायटनला आजही उभा आहे. वास्तुरचना जॉन नॅशची, बिले त्याच रीजंटच्या नावाची.

पण अविश्वसनीय सत्याचा कळस पाहायचा तर ऑलमॅक्स. सेंट जेम्स भागातल्या किंग स्ट्रीटवर ही नाचाची सभागृहे होती. हंगामात दर बुधवारी रात्री तिथे नाच होई. आत कुणी यायचे हे ठरवणाऱ्या सहा-सात उमरावस्त्रिया आठवड्याला बैठक भरवून शहरातल्या अर्ध्या कुटुंबांची आयुष्ये उधळून लावत. पैसा असून भागत नसे, पदवी असूनही नक्की नसे. त्या काळातल्या कॅप्टन ग्रोनो याने आठवणींत लिहून ठेवले आहे की गार्ड्‌स पलटणींच्या तीनशे अधिकाऱ्यांतून जेमतेम सहाजणांना तिथला परवाना मिळाला होता. आणि एवढी यातायात करून आत काय मिळे? लिंबू सरबत, चहा, लोणी लावलेले पावाचे पातळ काप आणि कोरडा केक. मद्य नाही. रात्री अकराला दारे बंद. खुद्द वेलिंग्टनला या दारावरून परत पाठवल्याची आख्यायिका आहे; पोशाखामुळे की उशिरा आल्यामुळे, यावर सांगणाऱ्यांत दोन तट आहेत. हाच गृहस्थ 1803 मध्ये आपल्या जालना भागात असईची लढाई जिंकून गेला होता. शिंदे-भोसल्यांच्या तोफा त्याला थोपवू शकल्या नाहीत, ते काम ऑलमॅक्सच्या बायकांनी केले म्हणायचे. आता ज्या समाजात ही समिती खरोखर होती, तिथे आत्म्याचा अर्धा तुकडा चोरणारा परीसरदार ही काही फार मोठी थाप नव्हे.

नावांची वही करावी. हे टाळता येत नाही. एकाच माणसाला जन्मनाव, आडनाव आणि पदवी असते. आई त्याला एकाने हाक मारते, मित्र दुसऱ्याने, आणि नायिका तिसऱ्यावरून पहिल्यावर येते तेव्हा प्रेम जमले असे समजायचे असते. ‘लेडी’नंतर स्वतःचे नाव आले तर ती अर्ल किंवा त्याहून वरच्याची मुलगी, नवऱ्याकडचे नाव आले तर बहुधा कुणाची तरी बायको. कोण कुणाहून वर हे कळण्यासाठी ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन ही उतरंड पाठ करावी. लग्नाच्या याद्यांवर पोसलेल्या मराठी वाचकाला हे जड जाऊ नये. कुणाला अहेर, कुणाला नुसता नारळ, हे ज्या डोक्यात बसते तिथे बॅरनही बसतो.

जादूविषयी एकच नियम: ती कथेला अडचणीची होते तिथे चालत नाही. वादळ परतवणारा जादूगार स्कॉटलंडला पळून जाताना घोडागाडीच करतो. 1753 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये एकविशीच्या आतल्यांना पालकांच्या संमतीची अट घातली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. त्यामुळे प्रेमिक जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला धावत आणि तिथे दोन साक्षीदारांसमोर, पुष्कळदा लोहाराच्या ऐरणीपाशी, लग्न लागे. लंडनहून अंतर तीनशे मैलांच्या वर. मंत्र म्हणून क्षणात पोचता आले असते, पण मग वाटेत पाऊस कसा लागणार, आणि सरायीत एकच खोली कशी शिल्लक राहणार? वाचकाने अशा वेळी तर्क बाजूला ठेवून पान उलटावे.

एका ठिकाणी मात्र चेष्टा थांबवावी लागते. सी. एल. पोल्क यांच्या ‘द मिडनाइट बार्गेन’मध्ये, रीजन्सीच्या घाटावर बेतलेल्या कल्पित देशात, लग्न होताच बाईच्या गळ्यात पट्टा चढवतात आणि तिची जादू बंद पडते. वाचताना चीड येते, हे अती झाले असे वाटते. पण खऱ्या इंग्लंडात लग्न होताच बाईची रोकड, दागिने, कमाई कायद्याने नवऱ्याची होत असे, आणि त्यातून तिची पुरती सुटका व्हायला 1870 आणि 1882 चे कायदे यावे लागले. पट्टा तेवढा कल्पित. म्हणूनच मला ही जात निव्वळ करमणुकीची वाटत नाही. चांगल्या लेखिका जादूचा उपयोग पळून जाण्यासाठी करत नाहीत; जे तेव्हा सगळ्यांना रीतीचे वाटत होते ते विचित्र दिसावे म्हणून करतात. वाईट लेखिका नुसता शर्ट भिजवतात.

मुखपृष्ठाचे काय? तोच शर्ट तिथे बहुधा नसतो. लोकलमध्ये वाचायचे असल्यास पुस्तकाला खाकी कव्हर घालावे. मात्र आपण काही हलके वाचतो आहोत अशी मनाला टोचणी लावून घेऊ नये. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी 1861 ची. हरिभाऊ आपटे येण्यापूर्वी कित्येक वर्षे मराठी कादंबरी अशाच थोरामोठ्यांच्या अद्भुतरम्य गोष्टींवर वाढली. आपल्या पणज्यांनी ज्यावर समई जाळली त्यावर आपण मोबाइलची बॅटरी जाळायला हरकत नसावी.

सुरुवात कुठून करावी हे विचाराल तर सांगतो. शिष्टाचार समजून घ्यायचे तर जॉर्जेट हेयरची ‘रीजन्सी बक’, साल 1935. तिच्यात जादू नाही, पण पुढच्या सगळ्यांनी वाट तिचीच धरली. मेरी रॉबिनेट कोवाल यांच्या ‘शेड्स ऑफ मिल्क अँड हनी’मध्ये मुली चित्रकलेसारखी जादू शिकतात, ती त्यानंतर. सुझाना क्लार्क यांची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ थोर आहे, परंतु जाडजूड, तळटीपांनी भरलेली आणि प्रेमकथा म्हणावी अशी नाही. तिला सुट्टीत हात घालावा. आणि एकच वाचायची असेल तर झेन चो यांची ‘सॉर्सरर टु द क्राउन’ घ्यावी. राजजादूगार गुलामगिरीतून मुक्त झालेला, नायिका अर्धी हिंदुस्थानी, आणि ती शाल कुठून आली हे त्या पुस्तकाला माहीत आहे.