मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांस काही सूचना

सेवानिवृत्तीचा समारंभ आटोपून शाल व श्रीफळ यथास्थित घरी पोहोचल्यानंतर सुशिक्षित गृहस्थाच्या दिनक्रमात जी विस्तीर्ण पोकळी निर्माण होते, तिच्या निवारणार्थ पुणे शहरात तीन उपाय रूढ आहेत : पर्वतीवर जाणे, वृत्तपत्रास पत्र लिहिणे आणि एखाद्या गरजू विद्यार्थ्याचे मार्गदर्शकत्व पत्करणे. पहिल्या दोहोंत श्रोता लाभेलच अशी शाश्वती नसल्यामुळे, तिसऱ्याचा अवलंब करू पाहणारांच्या सोयीसाठी प्रस्तुत सूचना लिहिल्या आहेत.

प्रथमतः विद्यार्थी मिळवावा. बीड, लातूर, यवतमाळ या बाजूंनी शिकण्यासाठी आलेली, पेठांतून कॉट बेसिसवर राहणारी, दिवस अभ्यासिकेत काढणारी आणि महिनाअखेरीस मेसचा एक वेळचा डबा कोणास न सांगता बंद करणारी मुले विपुल असल्यामुळे या बाबतीत तोटा पडत नाही. निवडीत मात्र तारतम्य हवे. अतिशय गरीब विद्यार्थी घेऊ नये, कारण त्याला पैसे लागतात. अतिशय हुशार घेऊ नये, कारण तो प्रश्न विचारतो. मध्यम गरीब, मध्यम हुशार, परंतु श्रवणशक्तीने उत्तम असा इसम आढळल्यास, अन्य कोणा निवृत्ताची नजर त्याजवर पडण्यापूर्वी त्याला आपल्या दप्तरी रुजू करून घ्यावे.

पूर्वी ही व्यवस्था अधिक सुटसुटीत होती. वार लावून जेवणाऱ्या मुलाला आठवड्यास सात घरे आणि अर्थातच सात मार्गदर्शक लाभत. सोमवारचे यजमान त्याला वकिलीची सनद घेण्यास सांगत, मंगळवारचे वकिली हा किती अधम धंदा आहे हे सप्रमाण सिद्ध करीत, आणि बुधवारचे दोघांच्याही चारित्र्याविषयी दोन शब्द सांगत. तथापि सातही घरी पान अगोदर वाढले जाई व उपदेश मागाहून होई. हल्ली ही वहिवाट उलटली असून, उपदेश संपूर्ण ऐकून घेणाऱ्यास शेवटी चहा मिळण्याचा संभव असतो.

पहिल्या भेटीचा विषय आपले स्वतःचे बालपण हा असावा. दुसऱ्या भेटीचाही तोच असण्यास हरकत नाही. मुलगा काही सांगू लागल्यास ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांनी त्याला हळुवारपणे थांबवावे. दृष्टांतादाखल थोर पुरुषांची चरित्रे हाताशी ठेवावीत, पण ती कोठवर सांगायची याचा विवेक असावा. महर्षी कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेले, ही कथा फार गुणकारी आहे. मात्र ती सातारा येताच थांबवावी. एवढी वाट तुडवून पोहोचलेल्या त्या मुलाला, तो वयाने लहान दिसतो एवढ्या सबबीवर परीक्षेस बसूच दिले नाही, हा उत्तरार्ध कळल्यास श्रोत्याच्या मनात भलताच विचार शिरतो : जिद्दीची तर तेथे वानवा नव्हती, त्या दिवशी ‘हा मुलगा माझ्या माहितीचा आहे’ असे अधिकाऱ्यांपुढे सांगणारा कोणी पोक्त मनुष्य शेजारी उभा असता तर?

कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे उदाहरण तर कटाक्षाने टाळावे. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना या गृहस्थांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे पैशावाचून शिक्षण अडते आहे असे दिसताच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकून दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीची तजवीज केली. एक पुस्तक, एक शिफारस आणि २५ रुपये. यात वेळेचे नियोजन नाही, व्यक्तिमत्त्वविकास नाही, पहाटे उठण्याचे माहात्म्य तर औषधालाही नाही. अशा माणसास मार्गदर्शक म्हणावे तरी कसे, आणि एवढ्याने काम भागते असे एकदा लोकांच्या ध्यानात आले, तर आम्ही उरलेल्यांनी सायंकाळी कोठे जावे?

परंतु केव्हातरी तो अवघड प्रसंग येतोच. ‘शिस्त आणि यश’ या विषयाचा पूर्वार्ध चालू असता मुलगा खाली मान घालून म्हणतो, “सर, शिष्यवृत्तीचा फॉर्म कॉलेजातल्या क्लार्ककडे पडून आहे. मला नुसतं उद्या ये, उद्या ये म्हणतात. तुम्ही एकदा सोबत याल का?” यावर स्वावलंबनाचे महत्त्व विशद करून त्याला एकट्यालाच परत पाठवणे हा शास्त्रोक्त मार्ग होय. त्याच्या ठायी हिंमत नाही असे नव्हे. त्या खिडकीपाशी पिकल्या केसांना जी तत्काळ दाद मिळते ती त्याच्या हिमतीस मिळत नाही, एवढेच. पण ही गोष्ट त्याला कळू देऊ नये.

दुर्दैवाने तोंडून ‘येतो’ असे निघून गेलेच, तर मग पुढील गोष्टी कराव्या लागतात. आदल्या दिवशी सर्व कागद स्वतः वाचावेत : तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव व गुणपत्रिकेवरील नाव यांत काना-मात्रेचा फरक नाही ना, दाखल्याची मुदत उलटून गेलेली नाही ना, आणि मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, कारण ते जोडलेले नसल्यास अर्ज मंजूर होऊनही रक्कम जमा होत नाही, आणि मुलगा बिचारा आपलेच काही चुकले असे समजून गप्प बसतो. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. मूळ प्रत कोणाकडेही सोडू नये. खिडकी उघडण्यापूर्वी पोहोचावे, त्रुटी काय ती लेखी मागावी, कारकुनाशी गोड बोलावे, आणि काम अपुरे राहिल्यास पुढची तारीख मुलासमक्ष विचारून त्या तारखेस पुन्हा यावे. हे सर्व करताना मार्गदर्शनास जागा उरत नाही, हा या पद्धतीतील मोठाच दोष आहे. रांगेत बोलण्याची उबळ अगदीच अनावर झाली, तर पुढे उभ्या असलेल्या अपरिचित गृहस्थांस उपदेश करावा.